ओढ्याच्या अल्याडपल्याड: म्योडलारॉइट

बाबा दिवाळीला आमच्याकडे एरलांगनला आले होते. न्यूरनबर्ग, म्युनिक, तो डोंगरावरचा परीकथेतला किल्ला वगैरे नेहमीचं सगळं बघून झालं आणि त्यांना कंटाळा आला. "चर्च दाखवू नकोस आता, एखादं खेडं दाखव, जिथं माणसं राहतात." बाबा भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले, सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात, मोजणी, बांध, हद्दी आणि त्यावरून होणारी भावाभावांची मारामारी यात गेली, त्यामुळे मला लगेच म्योडलारॉइट आठवलं. जेमतेम पन्नासेक माणसांचं गाव, मधून एक ओढा, ओढ्याच्या अलीकडचं गाव बव्हेरिया राज्यात, पलीकडचं थुरिंगिया राज्यात आणि चाळीसेक वर्षं अलीकडचं पश्चिम जर्मनीत नि पलीकडचं पूर्व जर्मनीत. बर्लिनमध्ये बांधली तशी भिंत या एवढ्याशा गावात पण बांधली होती, म्हणून अमेरिकन सैनिक त्याला 'लिटल बर्लिन' म्हणायचे. नवऱ्याला ऑनकॉल ड्यूटी होती म्हणून मी आणि बाबा दोघंच निघालो, आणि होफला माझा आतेभाऊ सोहम मास्टर्स करतोय तो येऊन मिळणार होता.

शुक्रवार, 31 ऑक्टोबर

एरलांगनहून बांबर्गमार्गे होफला रीजनल ट्रेननं अडीचेक तास लागतात, डॉइचलंडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, चालतं. बांबर्ग गेलं की डोंगर सुरू होतात आणि नॉयेनमार्क्टनंतर गाडी एक मोठा चढ चढते, 'शिफे एबेने' म्हणतात त्याला, 1848 साली बांधलेला, सात किलोमीटरच्या आत दीडशेपेक्षा जास्त मीटर वर. बाबांनी लगेच विचारलं, ग्रेड काय? मी फोनवर बघून सांगितलं, चाळीसला एकच्या आसपास. "मग आमचा कसारा जास्त, सदतीसला एक," असं म्हणून ते निवांत झाले. कसाऱ्याला बँकर लावतात तसं इथंही पूर्वी वाफेच्या गाड्यांना मागून इंजिन लावायचे हे सांगितल्यावर तर जर्मनीबद्दलचं त्यांचं मत एकदम सुधारलं.

होफला उतरलो तर हवा वेगळीच. या भागाला बाकीचे बव्हेरियावाले 'बव्हेरियाचा सैबेरिया' म्हणतात ते उगीच नाही, एरलांगनमध्ये मी स्वेटरवर होते, इथं कानटोपी काढावी लागली. सोहम स्टेशनवर आला होता. "मामा, नमस्कार करतो," म्हणून प्लॅटफॉर्मवरच वाकला, दोन जर्मन आज्या थांबून बघायला लागल्या. इथल्या हॉखशूलंमध्ये भारतीय पोरं बरीच आहेत, बव्हेरिया आणि भारत यांच्यातल्या शैक्षणिक कामासाठीचं सेंटर पण याच कॉलेजात आहे, त्यामुळे साठ हजारसुद्धा वस्ती नसलेल्या या गावात तुम्हाला रस्त्यावर हिंदी, तेलुगू आणि मधूनच "अरे भावा" ऐकू येतं.

होफचं स्टेशन गावाच्या मानानं फारच लांबलचक वाटतं कारण हे मुळात सरहद्दीवरचं स्टेशन, बव्हेरियाची रेल्वे इथं संपायची आणि सॅक्सनीची सुरू व्हायची. पण मला ते बाबांना दाखवायचं होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. 1989 च्या सप्टेंबरात पूर्व जर्मनीतली हजारो माणसं प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीत जाऊन बसली होती, बागेत तंबू, चिखल, पोरंबाळं सगळं. 30 सप्टेंबरच्या संध्याकाळी परराष्ट्रमंत्री गेन्शर यांनी वकिलातीच्या बाल्कनीतून सांगितलं की तुम्हाला जायची परवानगी मिळाली, आणि मग त्या लोकांना ट्रेनमध्ये बसवलं. पण पूर्व जर्मनीच्या सरकारची अट अशी की गाड्या आमच्याच हद्दीतून जातील, म्हणजे 'आम्ही यांना हाकललं' असं दाखवता यावं. म्हणून त्या गाड्या ड्रेस्डेन, प्लाउएन करत 1 ऑक्टोबरच्या सकाळपासून इथं होफला येऊन लागल्या. बाबा म्हणाले, "ज्या देशातून पळायचं त्याच देशातून गाडी न्यायची, म्हणजे डोळे मिटून बसले असतील सगळे."

पुढं महिन्याभरात भिंतच पडली आणि मग होफमध्ये ट्राबांट या पूर्व जर्मन मोटारींचा असा काही लोंढा आला की विचारू नका. पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येकाला पश्चिम जर्मनी स्वागताचे म्हणून 100 मार्क देत होती आणि त्यासाठी बँकांपुढे, टपाल कचेऱ्यांपुढे रांगा.

गावात एक चक्कर मारली. होफची खासियत म्हणजे 'व्हेर्श्टलामो', सॉसेजवाला माणूस, रस्त्यावर पितळेचं एक मोठं भांडं घेऊन उभा, भांड्याच्या खाली निखारे, आत गरम पाण्यात सॉसेज. आम्ही दोघं शाकाहारी त्यामुळे खाण्याचा प्रश्न नव्हता पण बाबांनी त्या भांड्याची पूर्ण पाहणी केली, निखारे कुठं टाकतो, राख कुठून काढतो, झाकण कसं बसतं. पितळ असं लखलखीत होतं की बाबा म्हणाले घरी चिंच असणार याच्या. सोहमनं मात्र दोन खाल्ले आणि "आईला सांगू नका मामा" म्हणाला.

संध्याकाळी भाड्याची गाडी घेऊन ट्योपेनजवळ एका शेतघरात जाऊन राहिलो. घरमालकीणबाई चावी देताना म्हणाल्या, उद्या इथली सगळी दुकानं बंद, काही लागलं तर तिकडं जा, आणि हात उत्तरेकडं केला. तर भानगड अशी आहे की 31 ऑक्टोबर हा रिफॉर्मेशन डे, मार्टिन लूथरचा, त्याची सुट्टी थुरिंगियात असते, बव्हेरियात नसते. 1 नोव्हेंबरला सगळ्या संतांचा दिवस, त्याची सुट्टी बव्हेरियात असते, थुरिंगियात नसते. म्हणजे आज ओढ्यापलीकडं बंद, उद्या अलीकडं बंद. जूनच्या आसपास कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणाला परत तेच, बव्हेरियातली पोरं घरी आणि थुरिंगियातली शाळेत, आणि 20 सप्टेंबरला बालदिनाची सुट्टी फक्त थुरिंगियाला. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

शनिवार, 1 नोव्हेंबर

सकाळी चहाला दूध नाही. काल आणायचं राहिलं असं नाही, सोहमनं रात्री दूध पोहे केले आणि संपवलं. मग आम्ही गाडी काढून 'तिकडं' गेलो. पाच-दहा मिनिटांत एक साधी पाटी, थुरिंगिया, बाकी काही नाही, रस्ता तोच, शेतं तीच, आणि सुपरमार्केट सुरू, बाहेर गाड्यांच्या रांगेत निम्म्या नंबरप्लेट होफच्या! दुधासाठी दुसऱ्या राज्यात जायचं म्हणजे आपल्याकडं पेट्रोल स्वस्त म्हणून लोक बॉर्डर ओलांडून टाकी फुल्ल करून येतात तो प्रकार.

चहा, चिवडा, राहिलेले बेसनाचे लाडू असं करून साडेदहाला म्योडलारॉइटला पोचलो. उतारावरून गाडी खाली येते आणि एकदम दिसतं, थोडी घरं, गोठे, लाकडाचे ढीग आणि घरांच्या मधोमध एक पांढरट भिंत. बर्लिनमधले भिंतीचे तुकडे मी बघितलेत, तिथं आजूबाजूला शहर आहे, कॉफीची दुकानं आहेत, सेल्फी आहेत. इथं भिंतीच्या एका बाजूला कोणाचं तरी परस आहे. हे डोक्यात बसायला जरा वेळ लागतो.

आणि ओढा! टानबाख त्याचं नाव. मला वाटलं होतं निदान ओढा म्हणण्याइतका तरी असेल. धोतर न खोचता उडी मारून जाता येईल एवढाच. बाबा काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "ही आंतरराष्ट्रीय सीमा?"

मग मी त्यांना गोष्ट सांगितली आणि मधूनमधून त्यांनी मला दुरुस्त केलं, गोष्ट न माहीत असताना.

हा ओढा हद्द म्हणून फार जुना, सोळाव्या शतकापासूनचा. एका बाजूला बायरॉइटचा मार्कग्राफ, म्हणजे तिथला संस्थानिक, दुसऱ्या बाजूला रॉइस घराणं. हे रॉइस लोक भारी, घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव हाइनरिश, मग पहिला, दुसरा, बावीसावा असे आकडे लावायचे, आणि धाकट्या शाखेत तर नवं शतक लागलं की आकडे परत पहिल्यापासून. घरात जेवायला हाक मारली तर किती जण उठत असतील देव जाणे. 1810 मध्ये नेपोलियनकडून बायरॉइटचा मुलूख बव्हेरियाच्या राजाकडं आला आणि त्याच वर्षी ओढ्याच्या कडेनं हद्दीचे दगड रोवले, बव्हेरियाकडं 'के बी' म्हणजे बव्हेरियाचं राज्य आणि पलीकडं 'एफ आर' म्हणजे रॉइसचं संस्थान.

ते दगड अजून आहेत. आता इथून पुढचा पाऊण तास माझ्या वडलांचा. एक दगड सापडला, गुडघ्याइतका, शेवाळ चढलेलं, वरच्या कडा झिजलेल्या. बाबा उकिडवे बसले, मफलरच्या टोकानं अक्षरांवरची माती पुसली, मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरका धरला, समोरून धरला तर काही दिसत नाही, तिरका धरला की खोदलेल्या अक्षराची सावली पडते नि अक्षर उठतं, ही त्यांची जुनी ट्रिक. के. बी. मग मागच्या बाजूला गेले. मग दगडाला हलवून बघायला लागले. मी ओरडले, "बाबा, हेरिटेज आहे ते!" "अगं हलतोय का बघतो, हलला तर कोणीतरी सरकवलाय." नाही हलला. दोनशे वर्षांत नाही हलला. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडं खुणेचा दगड नांगराच्या फाळानं दर पावसाळ्यात बोटभर सरकतो, आणि वीस वर्षांनी दोघं भाऊ कोर्टात. सोहमला मग साखळी, फळी, टिपण, हद्द कायम मोजणी असं सगळं लेक्चर मिळालं. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे त्याचे, हे मलाही लहानपणी पाठ होतं.

"हद्दीचं एक असतं," बाबा म्हणाले, "दगड पक्का असला की शेजारी चहाला येतात."

आणि इथं अगदी तसंच चाललं होतं. दोन राज्यं पण गाव एकच. शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या बाजूला, चर्चला सगळे मिळून बव्हेरियातल्या ट्योपेनला जायचे. लग्नं अल्याडपल्याड. शेतं कोणाची कुठंही. 1920 मध्ये रॉइसचं संस्थान नव्यानं झालेल्या थुरिंगियात गेलं, तरी गावात फरक काय पडला, तर कर भरायचं ऑफिस बदललं.

बाबांना महाराजगुडा आठवलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातलं, महाराष्ट्र की तेलंगणा यावरून घोळ असलेल्या चौदा गावांमधलं एक. तिथं एक घर आहे, चार खोल्या महाराष्ट्रात आणि चार तेलंगणात, लोकांकडं दोन्हीकडची मतदान कार्डं, रेशनही दोन्हीकडचं, दोन्ही सरकारांच्या योजना. "त्यांना विचार, हद्दीचा त्रास होतो का? होतो तो सरकारला."

मग 1945. युद्ध संपलं, बव्हेरिया अमेरिकनांकडं, थुरिंगिया रशियनांकडं, आणि कागदावरची ती सोळाव्या शतकातली रेघ एकदम दोन सैन्यांच्या मधली रेघ झाली. तरी सुरुवातीला पास दाखवून येता-जाता यायचं. 1949 मध्ये दोन देश झाले. आणि मे 1952 मध्ये पूर्व जर्मनीनं सीमा बंद केली. सीमेलगत पाच किलोमीटरचा पट्टा, तिथं राहायचं तर ओळखपत्रात वेगळा शिक्का, सख्खा भाऊ जरी पूर्वेतल्याच दुसऱ्या गावाहून येणार असला तरी आधी परवाना, आणि त्यातही सीमेला लागून पाचशे मीटरचा आणखी कडक पट्टा, म्हणजे म्योडलारॉइटचं पूर्वेकडचं अख्खं अर्धं गाव त्यात. गावाच्या मधून माणसाच्या उंचीचं फळ्यांचं कुंपण आलं. फळ्यांचं का, तर काटेरी तारेतून पलीकडचं दिसतं.

त्याच उन्हाळ्यात 'भरवशाची नाहीत' अशी माणसं सीमेवरच्या गावांतून उचलून आतल्या भागात नेऊन टाकली, पूर्ण सीमेवर मिळून आठ हजारांहून जास्त. पहाटे ट्रक यायचा, काही तासांत सामान बांधायचं. थुरिंगियात त्या मोहिमेला दिलेलं नाव होतं 'उंगेत्सिफर', म्हणजे उवा-ढेकूण-झुरळं. सरकारी फाईलवर! 1961 मध्ये परत एकदा तेच केलं, तेव्हा थुरिंगियाच्या एका भागात दिलेलं नाव एका निळ्या रानफुलाचं. मला दुसऱ्या नावाचाच जास्त राग आला.

1966 मध्ये काँक्रीटची भिंत आली, 700 मीटर लांब आणि तीन मीटरपेक्षा जास्त उंच. शिवाय टेहळणीचा मनोरा, रात्रभर दिवे, नांगरून भुसभुशीत ठेवलेला मातीचा पट्टा, पाऊल उमटलं की कळलं पाहिजे म्हणून. नांगरलेला पट्टा बघून बाबा गप्प झाले. भिंत ओढ्याच्या पलीकडं, म्हणजे पूर्वेच्या स्वतःच्या जागेत. बाबांनी इथं मुद्दा काढला, "बरोबर केलं, हद्दीवर बांधली असती तर सामाईक झाली असती आणि शेजाऱ्याची परवानगी लागली असती." कायद्यानं बरोबर असेल बाबा.

पश्चिमेच्या बाजूनं मात्र लोक बिनधास्त बघायला यायचे, बसेस भरून. 5 फेब्रुवारी 1983 ला अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे मोठे बुश, याच उतारावर येऊन उभे राहून गेले. पूर्वेच्या लोकांना पश्चिमेकडं बघून हात हलवायला बंदी होती. ही गोष्ट मी आधी वाचली होती, पण तिथं उभं राहून अंतर बघितल्यावर ती वेगळीच कळते. म्हणजे समोरच्या घराच्या ओसरीवर कोण बसलंय, काय निवडतंय हे दिसेल एवढंच अंतर आहे. पश्चिमेच्या घरातली बहीण हात हलवणार आणि पूर्वेच्या घरातल्या भावानं मान फिरवून गोठ्यात जायचं. सदतीस वर्षं. भिंत, तारा, मनोरे हे सगळं मला समजतं, सरकार म्हटलं की ते आलं, पण हात हलवू नका हे कोणत्या साहेबाला सुचलं असेल?

पळून जाणारे? या भिंतीवरून 1973 च्या मे महिन्यात एक ड्रायव्हर शिडी लावून पलीकडं गेला. सोहमनं विचारलं, एवढ्या माणसांत एकच? बाबा म्हणाले, "घरदार मागं ठेवून जायचं असतं रे. जमीन असणारा माणूस पळत नाही."

दुपारी भूक लागली. गावाबाहेर एका खानावळीत गेलो, शाकाहारी म्हणजे एकच पर्याय, क्लोस म्हणजे बटाट्याचा मोठा गोळा आणि त्यावर मशरूमचा क्रीमवाला सॉस. क्लोस कापला की आत मधोमध तुपात, सॉरी बटरमध्ये परतलेले पावाचे कुरकुरीत तुकडे निघतात. हा गोळा थुरिंगियाचा की फ्रँकोनियाचा यावर इथं कडाक्याचे वाद आहेत आणि ते भिंतीनंही मिटले नाहीत. बाबांनी बॅगेतून लसणाची चटणी काढली. मी मेन्यूकार्डाआड तोंड लपवलं. वाढणाऱ्या बाईंनी चटणी बघून विचारलं काय आहे, चाखली, पाणी प्यायल्या, आणि परत थोडी मागितली!

परत गावात येईपर्यंत चार वाजले आणि पावणेपाचला अंधार पडायला लागला, घड्याळं नुकतीच मागं केली होती. राहिलेली गोष्ट भिंतीच्या शेवटाची. 9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत उघडली हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण म्योडलारॉइटला अजून महिनाभर थांबावं लागलं, 9 डिसेंबरला इथं भिंतीत पायी जाण्यापुरती वाट उघडली. ओढ्याच्या पलीकडं जायला महिना! आणि 17 जून 1990 ला बुलडोझर आणून भिंत पाडली, तारीख मुद्दाम निवडलेली असणार, पूर्व जर्मनीतल्या 1953 च्या उठावाची. शंभरेक मीटर म्युझियमसाठी ठेवली, तीच आपण बघतो.

आणि गंमत म्हणजे गाव अजून दोन राज्यांतच आहे. एकीकरण झालं ते देशाचं, गावाचं नाही. बव्हेरियाकडचं अर्धं ट्योपेनमध्ये, पिनकोड 95183, थुरिंगियाकडचं गेफेलमध्ये, पिनकोड 07926. फोनचे कोड वेगळे, गाड्यांचे नंबर वेगळे, एचओ आणि एसओके, दोन महापौर, दोन विधानसभा. अलीकडं 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, पलीकडं 'गुटन टाग'. मला वाटलं होतं बाबा म्हणतील एक करून टाकायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "कशाला? दगड आहेत की."

रविवार, 2 नोव्हेंबर

सकाळी धुकं. आज दुकानं दोन्हीकडं बंद, न्याय झाला एकदाचा.

गावापासून जवळच बव्हेरिया, थुरिंगिया आणि सॅक्सनी यांचा तिवाठा आहे, तिन्ही राज्यं स्वतःला 'फ्रायश्टाट', म्हणजे मुक्त राज्य, म्हणवतात म्हणून तिथल्या दगडाला तीन फ्रायश्टाटचा दगड म्हणतात. बाबांना तो बघायचाच होता. तिथं जायला जुन्या सीमेवरच्या गस्तीच्या वाटेचे तुकडे लागतात, काँक्रीटच्या भोकंवाल्या पट्ट्या, दोन चाकोऱ्या, सैनिकांच्या गाड्यांसाठी टाकलेल्या. चालायला भयंकर, भोकात पाय जातो, बूट मुरगळतो, सोहम तर मधल्या गवतातूनच चालला. भोकांमधून गवत, मॉस, कुठं बर्चची रोपं. दोन्ही बाजूंना नांगरट झालेली शेतं आणि मध्ये हा रानटी पट्टा, झुडपं, वाळलेली फुलं, पाणथळ जागा.

या पट्ट्याला आता 'ग्र्यूनस बांड' म्हणतात, हिरवी फीत. पूर्वीची सगळी सीमा, जवळपास 1,400 किलोमीटर. झालं असं की चाळीस वर्षं तिथं ना पीक घेतलं ना खत गेलं ना सैनिकांशिवाय कोणी माणूस, त्यामुळे बाकी शेतांतून हद्दपार झालेले पक्षी, फुलपाखरं सगळे इथं येऊन राहिले. काई फ्रोबेल नावाचे निसर्गसंवर्धनवाले, शाळकरी वयातच कोबुर्गजवळ सीमेच्या कडेनं पक्षी बघत हिंडायचे, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की 'ब्राउनकेलशन' हा छोटा पक्षी आता जवळजवळ फक्त सीमेच्या पट्ट्यातच घरटं करतो, आणि बसायला त्याला सीमेचे खांबसुद्धा चालतात. सीमा उघडली तशी त्यांना काळजी लागली की आता शेतकरी इथंही नांगर घालणार. मग त्यांनी दोन्हीकडच्या निसर्गवाल्यांची बैठक बोलावली, कुठं, तर होफला, आणि कधी, तर 9 डिसेंबर 1989 ला! म्हणजे इकडं म्योडलारॉइटला भिंतीतून वाट उघडली त्याच दिवशी पंधराएक किलोमीटरवर होफमध्ये चारेकशे माणसं बसून ठरवत होती की भिंत जाऊ दे पण पट्टा राहू दे. थुरिंगियानं आपल्या वाट्याच्या पट्ट्याला 2018 मध्ये राष्ट्रीय निसर्गस्मारक केलं.

बाबांना हे पटायला वेळ लागला. सुपीक जमीन पडीक ठेवायची हे त्यांना मुळातच पटत नाही. "आणि ज्यांची जमीन होती त्यांचं काय?" हा प्रश्न बरोबरच आहे, तो इथंही झालाय, वर्षानुवर्षं त्यावर वाद चालले. पण नंतर एका कुंपणाच्या खांबावर एक छोटा पक्षी बसला, त्यांनी थांबून बराच वेळ बघितला. तो ब्राउनकेलशन नक्की नव्हता, ते या दिवसांत आफ्रिकेत असतात. चिमणीच असावी.

तिवाठ्यावरचा दगड बघितला, बाबांनी त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातली, एका मिनिटात तीन राज्यं. सोहमला जर्मन येतं म्हणून पाटी वाचायला लावली. परत जाताना हिर्शबर्गला जायचं होतं, 'झाले' नावाच्या नदीच्या काठावर, तिथं बुटांच्या तळव्याचं चामडं करणारा प्रचंड मोठा कारखाना होता, अगदी सीमेला खेटून, आणि एकीकरणानंतर बंद पडून जमीनदोस्त झाला. पण धुकं उतरेना, बाबांचे गुडघे बोलायला लागले, गाडी परत द्यायची होती. नदीच्या पुलावर पाच मिनिटं थांबलो, जिथं कारखाना होता तिथली मोकळी जागा लांबून बघितली नि निघालो. भिंत गेली त्याचं म्युझियम झालं, कारखाना गेला आणि पोटापाण्याला लोक पुलापलीकडं जायला लागले, याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

होफला सोहमनं खिचडी केली. चांगली झाली होती, आत्याला कळवलंय.

परतीच्या गाडीत बाबांनी 'के बी' च्या दगडाचे फोटो त्यांच्या रिटायर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, खाली सविस्तर मजकूर, सन 1810, ओढ्यालगत, दगड जागेवर, सुस्थितीत. एरवी त्या ग्रुपवर सकाळच्या गुलाबाच्या फुलांशिवाय काही नसतं. कुलमबाख येईपर्यंत तीसेक मेसेज. एकांनी विचारलं मोजणी साधी की अतितातडीची. दुसऱ्यांचं म्हणणं, ओढा हद्द धरला तर रेघ काठावर की मधोमध, आणि पुरात ओढ्यानं पात्र बदललं तर जमीन कोणाची? यावर दोन तट पडले, एक निफाडचे साहेब आणि एक येवल्याचे साहेब, दोघांनी जुनी परिपत्रकं काढली. बांबर्गला गाडी बदलायची होती, मी दोन्ही बॅगा घेऊन दारात उभी आणि बाबा सीटवर बसून टाईप करतायत, "थांब गं, येवलेकर चुकीचं सांगतायत."